विद्यासागर कॉलेज कुठलं?

मैत्रिणींनो, आज टपालाने सुनेचं सर्टिफिकेट कॉलेजकडून परत आलं. तिकिटं कमी लावलेली, दीड पौंड मलाच भरावा लागला!

सून कलकत्त्याची, तिथल्या विद्यासागर कॉलेजात शिकलेली. इथे कार्डिफच्या कॉलेजात शिक्षिकेच्या कोर्सला अर्ज केलेला. त्यांनी चौकशी केली भलत्याच गावच्या विद्यासागर कॉलेजात. उत्तर आलं, ही आमची विद्यार्थिनी नव्हे.

"आई, माझा जागा गेला," म्हणून ती आपल्या बंगाली वळणाच्या मराठीत रडायला लागली.

मी गजाननाचं नाव घेऊन कॉलेजला फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, विद्यासागर म्हणजे बंगालचे थोर विद्वान, त्यांच्या नावाची कॉलेजं पुष्कळ. तुमच्या कार्डिफात सेंट मेरीज शाळा किती?"

बाई खळखळून हसल्या. "योग्य त्या कॉलेजचं पत्र आणा, जागा ठेवते."

ते पत्र आणायला कलकत्त्याला कुणी जाणारं आहे का? उलट टपाली कळवा.