दुहेरी टीप

माझी मावशी शाळेचे गणवेश शिवायची आणि आल्यागेल्याची फिरकी घ्यायची. वस्तीत पाणी चार-चार दिवसांनी येऊ लागलं, तेव्हा तिनेच कात्री खाली ठेवून दुकानात चाळीस बायका जमवल्या. पुरुषांच्या बैठकांचं गुऱ्हाळ तिला पुरतं माहीत होतं. म्हणून तिचा नियम एकच: हात वर करायचे, जास्त हात तिकडे निकाल. मग कुणी ब्र काढायचा नाही.

मोर्चासाठी तिने पिवळ्या पट्ट्या कापल्या. त्या बांधायच्या नाहीत, थेट बाहीवर दुहेरी टीप घालून शिवायच्या. "गडबड झाली की पट्टी खिशात घालून पळणारे वीर मी पाहिलेत," ती म्हणायची. आम्ही हसायचो. मी तिच्याकडे काज-बटणं करायचे, माझ्याही बाहीवर पट्टी चढली. बघता बघता पुरुषही आले आणि चाळिसाचे आठशे झाले.

मग सलग आठ दिवस नळ कोरडे. चावीवाला, म्हणजे वस्तीला पाणी सोडणारा माणूस, सकाळीच दुकानात आला. "ताई, मोठी लाइन फुटलीय. शुक्रवारपर्यंत थेंब येणार नाही. लोकांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात."

"संध्याकाळी सभेत सांगते," मावशी म्हणाली. हातात कापड होतं ना!

सभेत ती उठायच्या आतच कुणीतरी ओरडलं, चावीवाला पाणी टँकरवाल्यांना विकतो, त्याला धडा शिकवायचा का? हात वर झाले. शेजारच्यांचे झाले म्हणून माझाही झाला.

"अरे थांबा! लाइन फुटलीय, तो सकाळीच मला..."

"मावशी, हात वर झालेत. आता ब्र काढायचा नाही," पुढे बसलेला न्हावी म्हणाला आणि लोक हसले.

चावीवाल्याच्या दारात सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. मावशी गर्दीच्या मागून लोकांच्या बाह्या ओढत होती, एकही टीप सुटली नाही. मार इतका बसला की तो तिसऱ्या दिवशी गेला. शुक्रवारी पाणी आलं, चांगलं धो धो आलं. लाज वाटली, तरी आम्ही भरलं.

पोलीस येणार हे कळल्यावर दुकानापुढे रांग लागली. ती टीप घरी कुणालाच धड उसवता येत नव्हती. मला वाटलं, मावशी सगळ्यांना हाकलून देईल. तिने खाली मान घालून एकेकाची पट्टी काढून दिली.

"ह्यांचं कशाला करतेस?" मी विचारलं.

"शिवली कुणी?" ती म्हणाली. मग माझी उसवली. स्वतःची तशीच ठेवली.

पोलिसांना वस्तीभर एकच पट्टी सापडली. मावशीला गाडीत बसवताना फौजदाराने चौकात मोठ्याने विचारलं, "ही एकटीच होती का? आणखी कोण कोण होतं?"

आठशे माणसं उभी होती. मावशी माझ्याकडे बघत होती. एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.