तीन नंबर तोफेवरची दुसरी कॅज्युअल्टी

आमची बॅटरी तेव्हा सीमेजवळच्या एका डोंगरउतारावर होती. बॅटरी म्हणजे सहा तोफांची तुकडी. मी तीन नंबरच्या तोफेवर लेयर होतो. तोफेचा नेम धरणं हे लेयरचं काम. तोफेचे प्रमुख, म्हणजे नंबर वन, हवालदार काळभोर, लोणी काळभोरचे. गोळे आणून देणाऱ्यांत सलीम मुलाणी होता, सासवडकडचा, आमच्यात सर्वांत धाकटा. मी शनिवार पेठेतला. एकाच तोफेवर पुणे जिल्ह्यातले तिघं, म्हणून बाकीचे आम्हांला चिडवत.

दिवस ठरल्यासारखे जात. पहाटे स्टँड टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज राहणं, मग तोफेची साफसफाई, दारूगोळ्याची तपासणी, ड्रिल. एका सकाळी समोरून शेलिंग सुरू झालं. हुकूम आला, "टेक पोस्ट!" आम्ही तोफेवर गेलो आणि उत्तर देऊ लागलो.

थोड्या वेळाने एक गोळा आमची तोफ ठेवलेल्या खड्ड्याच्या काठावर पडला. मी सीटवरून मागे फेकला गेलो. डोकं तोफेच्या लोखंडी पायावर आपटलं. कानातून रक्त येऊ लागलं, ऐकू येईना. सलीमने मला काखेत धरून वाळूच्या पोत्यांमागे ओढलं आणि कुणी न सांगता माझ्या सीटवर जाऊन बसला. तोफ चालू राहिली. पुढचा गोळा पडला तेव्हा त्याचा एक तुकडा, स्प्लिंटर, सलीमच्या छातीत शिरला. तो तिथेच गेला.

शेलिंग थांबल्यावर नर्सिंग असिस्टंट वर आला. माझ्याकडे बघून त्याने हातानेच विचारलं, ठीक आहेस ना? मी मान हलवली. पलीकडे सलीमला ब्लँकेटमध्ये गुंडाळत होते. तिथे मी माझं डोकं दुखतं म्हणून काय सांगणार?

कान काही दिवसांनी सुधारला. डोकं मात्र तेव्हापासून दुखू लागलं ते कायमचं. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड हलतो. मग अर्धं डोकं ठणकतं, ओकाऱ्या होतात, उजेड आणि आवाज सोसवत नाही. सर्व्हिसमध्ये मी सिक रिपोर्ट टाळत गेलो. शेवटी शेवटी ते लपेना. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने मायग्रेन लिहिलं, पण आजार माझ्या मूळ प्रकृतीचा, सर्व्हिसशी संबंध नाही, असंही लिहिलं. डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली.

पुण्यात एका बँकेत गार्ड म्हणून लागलो. महिन्यातून चार-पाच दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहणारा गार्ड कोण ठेवणार? नोकरी गेली. त्याहून जास्त लागलं ते बोर्डाचं म्हणणं. ती सकाळ जणू झालीच नव्हती.

"अपील करायचं," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"पुरावा नाही माझ्याकडे."

"तुमच्याकडे नसेल. काळभोर साहेबांकडे असेल."

तिने दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून बस पकडली आणि एकटी लोणीला जाऊन आली. काळभोर साहेब सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, शेती बघत होते. तिने सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कवा यायचं?"

अपिलाचा बोर्ड पुण्यातच बसला. तीन डॉक्टर होते. प्रमुख एक लेफ्टनंट कर्नल बाई, मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ, मराठी बोलणाऱ्या.

"भरती होण्याआधी डोकं दुखायचं?"

"नाही, मॅडम."

"आता त्रास कसा आहे?"

"ठीक आहे, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

साक्षीदार आत घ्यायची तिथे पद्धत नव्हती. तरी त्यांनी बाहेर बसलेल्या सुनंदाला आणि काळभोर साहेबांना, दोघांनाही बोलावलं.

सुनंदा बसलीच नाही. उभ्यानेच बोलली. "मॅडम, ह्यांना विचारून उपयोग नाही. ह्यांचं सगळं ठीकच असतं. डोकं धरून भिंतीवर आपटतात, तेव्हाही ठीक. घड्याळाच्या टिकटिकीने त्रास होतो म्हणून मी ते स्वयंपाकघरात ठेवते. गणपतीत आमच्या पेठेत ढोल सुरू झाले की हे न्हाणीघरात कानांवर उशी धरून बसतात. मी लग्न करून आले त्याला कितीतरी वर्षं झाली, एक विसर्जन धड बघितलं नाही. तक्रार नाही माझी. पण हे प्रकृतीचं आहे असं कुणी म्हणू नये."

मग काळभोर साहेब. त्यांनी मेडलं लावली होती. सावधानमध्ये उभे राहिले.

"मी ह्यांचा नंबर वन व्हतो, मॅडम. गोळा पडला तवा मी हाताच्या अंतरावर हाय. ह्यांच्या कानातनं रगत आलेलं मी बघितलंय. दुसरा गोळा पडल्यावर कमांड पोस्टनं विचारलं, तीन नंबर, रिपोर्ट. मी बोललो, तीन नंबर चालू, एक कॅज्युअल्टी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन व्हत्या. एक गेलेला माझ्यासमोर पडला व्हता, म्हणून मला दुसरी मोजायचं सुचलं नाही. ती आज मोजा."

कर्नलबाईंनी साहेबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागल्या. या वेळी मी सगळं सांगितलं.

काही महिन्यांनी निकाल आला. आजार सर्व्हिसमुळेच, असं मान्य झालं होतं, पेन्शनही मंजूर झाली होती. सुनंदाने तो मोठ्याने वाचला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तरी ठीक म्हणायचं बंद करा."

आज औषधं वेळेवर मिळतात. गणपतीचे दिवस आम्ही लोणीला काळभोर साहेबांच्या मळ्यात काढतो. त्यांच्या सुनेने मागची खोली आमच्यासाठी म्हणून ठेवली आहे. त्या कर्नलबाईंना मी पुन्हा भेटलो नाही, पण रोज आठवण काढतो. इतकी माणसं माझ्या पाठीशी उभी राहतील असं मला वाटलं नव्हतं.

निकालानंतर मी सलीमच्या गावी गेलो. दरवर्षीच जातो. त्याच्या आई खूप थकल्या आहेत. आजवर त्यांनी त्या दिवसाविषयी विचारलं नव्हतं आणि मीही विषय काढला नव्हता. यंदा बोर्डापुढे एकदा सगळं बोलून झालं होतं, म्हणून त्यांनाही सांगितलं. मला ओढून कसं नेलं, माझ्या जागी कसा बसला, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग विचारलं, "त्या दिशी पोटाला काय खाल्लं व्हतं का रे त्यानं?"

"खाल्लं होतं, अम्मी. पुरी-भाजी होती. आपल्या पुऱ्या संपवून त्याने माझ्या ताटातल्या दोन उचलल्या. मी ओरडलो तर हसत पळाला."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता रडल्या. मग त्यांनी माझा हात धरला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "भुकेला नाय गेला."