अक्काचा गप्प बसायचा खेळ

दाजींचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत होतो. "तुमची अक्का गेली... भाकरी थापता थापता कलंडली, उठलीच न्हाय." तिच्या सासरी, जेऊरला जाणाऱ्या गाडीत जागा मिळाली होती, तरी मी दारापाशीच उभा राहिलो. दीड महिना झाला, अजून कुठं धड बसवत नाही.

आमची शेवटची भेट भांडणात संपली होती. आठ दिवस आधी अक्का घरी आली होती. चहा घेताना माझ्या तोंडाजवळ येऊन उगाच काहीबाही विचारत राहिली. दारू सोडून मला तीन वर्षं झालेली, तरी ती वास घेत होती. मी कप आपटला. "किती वर्षं हुंगणार हायस? मी आप्पा न्हाय!" तिनं पदर खोचला, पिशवी उचलली आणि गेली.

आप्पा म्हणजे आमचे वडील. सांगोल्याजवळच्या वाडीत आमच्या शेळ्या होत्या. बाजारच्या दिवशी आप्पा पिऊन यायचे. मी पाच वर्षांचा, अक्का अकराची. त्यांची चाहूल लागली की ती मला उचलून परसातल्या शेळ्यांच्या गोठ्यात न्यायची. "हलायचं न्हाय. जो आधी बोलंल तो हरला." करडांच्या उबेत मला हसू आवरायचं नाही. तिचे दोन्ही तळवे माझ्या कानांवर घट्ट असायचे. मला वाटायचं, तोही खेळच. माझे आप्पा दुसऱ्या सकाळी खांद्यावर बसवणारे, शेवचिवड्याची पुडी देणारे. म्हणून मोठेपणी पहिला घोट घेताना मला कसलीच भीती वाटली नाही. अक्काला मात्र लग्नातल्या वरातीत कुणी झिंगलेला दिसला तरी घाम फुटायचा.

पुढं माझं पिणं वाढलं, बायको माहेरी गेली, तेव्हा अक्कानंच मला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथल्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून लहानपणाबद्दल विचारलं. मी मजेत गोठ्यातला खेळ सांगितला. अक्का माझ्याकडं बघतच राहिली.

"खेळ? आरं, आय वरडत हुती घरात. तुला ऐकू यिऊ नये म्हणून कान दाबायची मी. माजं कुनी दाबायचं हुतं?"

त्या दिवसापासून मी प्यायलो नाही. पण एक विचार पाठ सोडत नाही. तिनं ते सगळं माझ्यापासून लपवलं म्हणून मी हसत वाढलो, की लपवलं म्हणूनच बाटलीपर्यंत पोचलो? असा विचार आला की स्वतःचीच लाज वाटते... तरी येतो. आणि एवढं सगळं कळल्यावरही मी तिच्यावर ओरडलो, ते वेगळंच.

रोज संध्याकाळी सात वाजता अक्का फोन करायची. "जेवलास का?" एवढंच. भांडणानंतरचे आठही दिवस तिनं केला. मी एकदाही उचलला नाही.

आता सात वाजले की मीच तिच्या नंबरावर लावतो. दाजी उचलतात. "जेवला का?" विचारतात. मी व्हय म्हणतो. परवा ते म्हणाले, "आवाज बरा हाय आज. तिनं शिकवलंय मला, आवाजावरनं कसं वळखायचं त्ये."