दत्ताची डिझेल गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि दत्ताला तर नाहीच नाही.

म्हटली तर गोष्ट एवढीशी. एका माणसाने विचारलं, पेट्रोल घेऊ का डिझेल? मी उत्तर दिलं. तसे रोज कितीजण विचारतात! चाकणच्या एका कंपनीत मी इंजिन टेस्टिंगला आहे, अठरा वर्षं झाली. कुणाची गाडी घ्यायची निघाली की कँटीनमध्ये माझ्या ताटाभोवती घोळका. आणि मी — काय सांगू — जेवण थंड झालं तरी प्रवचन सोडायचो नाही. माझी स्वतःची फोर बाय फोर, डिझेलवरची. पेट्रोलवर चारी चाकं ओढायची म्हणजे शेळीला नांगराला जुंपायचं, हे माझं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे. मला बरं वाटायचं.

आता खरं ऐका. त्या गाडीने मला रडवलं होतं. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. गाडी लांबवर, वेगात पळाली तरच ती काजळी जळते. भोसरी ते चाकण त्या ट्रॅफिकमधून मी रोज काय पळवणार, कपाळ? वर्षभरात दोनदा फिल्टर चोंदला, दोनदा गाडी टो करून न्यावी लागली. आणि कंपनीत काय सांगितलं? बंपरला रंग मारायला दिलीय. घरीही तेच. इंजिनातला एवढा शहाणा आणि स्वतःच्याच गाडीत फसला — हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दत्ता आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. मूळचा निघोज्याचा, राहायला गावाबाहेर मळ्यात. मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आईला दमा. तिला धाप लागली की त्या चिखलातून दवाखान्यात न्यायचं कसं, हाच त्याच्या जिवाला घोर. म्हणून त्याला चारी चाकं ओढणारी गाडी हवी होती. बाकी त्याचं फिरणं ते किती? कंपनी चार किलोमीटर, दवाखाना पाच. शोरूममधल्या पोरीनेसुद्धा त्याला सांगितलं होतं — काका, तुम्हाला पेट्रोलच बरी.

तरी तो माझ्याकडे आला. "आमाला त्यातलं काय कळत न्हाई, राव. तू म्हनशील ती घेतो."

मला माहीत होतं. अंदाज नव्हे, पक्कं माहीत होतं, की याला पेट्रोलच घ्यायला हवी. पण आजूबाजूला चारजण जेवत होते. पेट्रोल म्हणालो असतो तर कुणीतरी विचारलंच असतं, का रे बाबा, तुझ्या डिझेलला काय झालं? आणि — हे सांगतानाही लाज वाटते — आपण एकटेच फसलो ही बोच मला सोसत नव्हती. आणखी एकजण फसला तर? जरा बरं वाटेल की. इतका मी हलका माणूस. "डिझेलच घे," म्हणालो, "डोळे झाकून घे."

चौथ्या महिन्यात त्याच्या गाडीत फिल्टरचा दिवा लागला. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? उलट त्यालाच झापलं. तुला चालवता येत नाही म्हणालो. दिवसभर फोर्कलिफ्टवर इंजिनांच्या पेट्या उचलतो-ठेवतो, एकीला कधी ओरखडा नाही, त्या माणसाला! आणि तो मान डोलवत होता. व्हय, माझंच चुकत आसंल.

मग इलाजही मीच सांगितला. दर रविवारी नाशिक रोडला गाडी लांब पळवायची. मीही बसायचो सोबत. मंचरपर्यंत जायचं, मिसळ हाणायची, परत यायचं. मजा यायची मला, खोटं कशाला बोलू?

श्रावणातला एक रविवार. आठवडाभर पाऊस लागलेला. आईला पहाटेपासून धाप आहे, आज नको, असं दत्ता निघतानाच म्हणाला. पण दिवा लागलेला होता. मी म्हणालो, आज नेली नाहीस तर गाडी बंद पडेल, मग आईला कशात नेशील? आईचंच नाव घेऊन त्याला बाहेर काढला बघा. खेडच्या पुढे तो पुन्हा म्हणाला, फिरू का मागं? मी म्हणालो, अजून वीस मिनिटं. दिवा जाऊ दे.

दिवा गेला. मग त्याच्या बायकोचा फोन आला.

अँब्युलन्स डांबरीवरच उभी राहिली होती, चिखलात ती येणार कशी? भावकीतल्या चौघांनी म्हातारीला खाटेवर घालून वाट तुडवली. अर्ध्या वाटेतच ती गेली. ज्या चिखलासाठी गाडी घेतली, त्या चिखलात ऐन वेळी गाडी नव्हती. ती मंचरच्या रस्त्यावर होती, आणि तिच्यात मी बसलो होतो.

दहाव्याला दत्ता सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडून रडला. तू व्हतास संगं, म्हनून घरापतुर आलो, म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कसा फिरवला असेल?

याला दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये एक नवी इंजिनिअर मुलगी विचारायला आली. वडिलांसाठी फोर बाय फोर घ्यायचीय, घर ते शेत, फार तर बाजाराचं गाव, एवढंच फिरणं — पेट्रोल घेऊ का डिझेल? मी घास गिळेपर्यंत शेजारी बसलेला दत्ताच बोलला.

"डिझेल घ्या, मॅडम. गाडी चांगलीच आसती. मला चालवता आली न्हाई, म्हनून माझी आई गेली." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग की रं."

ती माझ्याकडे बघत होती. तोही बघत होता. पेट्रोल म्हटलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला — मग मला का न्हाई सांगितलंस?

"बरोबर बोलतोय दत्ता," मी म्हणालो.