टग निघाला बोर्ली पंचतनला

किस्से जमवावे लागतात, असं कोण म्हणतं? आमच्याकडे ते अलार्म वाजवत येतात!

आमची मालवाहू बार्ज ओढणाऱ्या टगबोटींची कंपनी. काम धरमतरच्या खाडीत. टगवर सेन्सर बसवलेत. इंजिन किती तापलं, तळात पाणी शिरलं का, धूर झाला का, टग कुठे आहे, सगळं अलिबागच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर दिसतं. म्हणजे दिसायला हवं. पण टगवर धर्मा तांडेल आहे! उभा जन्म पाण्यात काढलेला हा कप्तान म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप.

* * *

पहिल्याच गुरुवारी स्क्रीन लाल. आग! मी घाबराघुबरा होऊन तांडेलला फोन लावला.

"आग कुठली? अगरबत्ती हाय. देवाला धूप पन तुमाला इचारून दाखवू व्हय?"

पुढच्या गुरुवारी अलार्म नाही. मी खूश. टगवर जाऊन बघतो तर धुराच्या सेन्सरवर स्टीलची वाटी, वरून चिकटपट्टी!

"आता कसा गप हाय बघा," तांडेल म्हणाला.

* * *

एकदा तापमानाचा अलार्म किंचाळत होता. मी म्हटलं, "तांडेल, आधी थंड करा!" लगेच आकडा झरझर उतरला. शाब्बास!

मग कळलं, त्याने ओला टॉवेल गुंडाळला होता. इंजिनाला नाही, सेन्सरला!

* * *

आणि एके दिवशी टग रस्त्यावर आला. आधी पेण, मग माणगाव, मग थेट बोर्ली पंचतनच्या बाजारात मुक्काम. मुंबईहून आमच्या साहेबांचा फोन, "आपला टग डोंगर कसा चढतोय?"

"टग हितंच हाय," तांडेल शांतपणे म्हणाला. "ती ठावठिकाना सांगनारी डबी चार्ज व्हत न्हवती. मेव्हन्याचं मोबाईलचं दुकान हाय तिकडं. एसटीनं धाडली."

"अहो, मला सांगायचं ना!"

"मंग तुमी चार दिस मेल-मेल खेळला असता."



* * *

शेवटी साहेबांनी दम भरला. ज्यांचा माल आम्ही ओढतो, त्या कंपनीचे सावंत साहेब सिस्टिम बघायला येणार होते. त्यांनी काँट्रॅक्टवर सही केली तर ठीक, नाहीतर माझी कंट्रोल रूम बंद आणि मी घरी. घरी बसून काय करू, बोंबील वाळवू?

मी टगवर जाऊन अक्षरशः हात जोडले. "तांडेल, हे सेन्सर म्हणजे तुमचं हत्यार. इंजिनासारखं जपा हो!"

पहिल्यांदाच त्याने मान डोलावली. "हे पटलं."

* * *

सावंत साहेबांना नेमका खंडेनवमीचा दिवस मोकळा होता. टग धक्क्याला उभा असला तरी सेन्सर चालूच असतात, म्हणून मी निवांत होतो. मुंबईहून आमचे साहेबही हजर. सावंत साहेब आले, गंभीर चेहरा, हातात वही नाही, खिशाला पेन नाही. हा माणूस सही करायला आलाच नाहीये, मी ताडलं.

स्क्रीन लावली. सगळं काळं! टगच गायब! आमचे साहेब माझ्याकडे खाऊ की गिळू बघायला लागले. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तांडेल, सेन्सर बंद कसे?"

"पूजेला मांडलेत ना! हळदकुंकू, झेंडूची फुलं, समदं केलं. तुमीच म्हनालात, हत्यार हाय. मंग आज हत्याराला काम लावायचं न्हाय. वरीसभर कोकलतात बिचारे!"

मला माझी खुर्ची रिकामी दिसायला लागली.

सावंत साहेब उठले. काळ्या स्क्रीनला त्यांनी नमस्कार केला.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "माझंही पेन आज घरी देवापुढे आहे. सहीला उद्या येतो."