काट्यावर न चढलेला भोपळा

भोपळा नारळाएवढा झाला तेव्हा मी खिळ्यानं त्याच्यावर माझं नाव कोरलं. शाळेतली पोरं कोवळ्या फळावर कोरतात तसंच. फळ वाढत गेलं तसं नावही पसरत गेलं, आणि शेवटी ते बांधावरून वाचता यायला लागलं. मला वाटलं, बक्षीस देताना साहेबांना नाव विचारायची तसदी नको.

बारामतीच्या कृषी प्रदर्शनात सगळ्यात मोठ्या भोपळ्याची स्पर्धा होती. आमच्या निरवांगीहून भोपळा टेम्पोत गादी घालून नेला. गादी आमच्या खाटेवरची होती. बायकोनं ते लक्षात ठेवलं.

परीक्षक तरुण होते, बोलायला मऊ. भोपळ्याभोवती एक फेरी मारून ते नावापाशी थांबले. "काका, आम्ही फळाला नुसता नंबर देतो. नाव दिसलं की लोक पक्षपात म्हणतात. हा काट्यावर घेता येणार नाही." मी म्हणालो, नाव गोणपाटानं झाकू. ते हसले, पण भोपळा काही काट्यावर घेतला नाही.

पहिला नंबर कन्हेरीच्या एका शेतकऱ्याचा आला. प्रमाणपत्र घेऊन तो सरळ माझ्याकडं आला, माझ्या भोपळ्याला कवेत घेऊन बघितलं, तर हात पुरेनात. "पाव्हणं, तुमचाच मोठा हाय," म्हणाला, आणि प्रमाणपत्र पिशवीत घालून गेला. लोक फोटोही माझ्याच भोपळ्यापाशी काढत होते. पण मला ते बक्षीस देणाऱ्या कोटवाल्या साहेबांच्या तोंडून, माईकवर ऐकायचं होतं.

घरी भोपळा पडवीत बसला. पुढं इंदापूरलाही प्रदर्शन होतं, तोवर तो राखायचा असं मी ठरवलं. सालीवरचं नाव घासून काढता येईल का, हे सुताराला विचारून आलो. त्यानं चहा पाजला आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईनं घालायचा नसतो. त्यामुळं बायको रोज सकाळी कोयता त्याच्याशेजारी आणून ठेवायची आणि कामाला लागायची. मी तो उचलून परत आत ठेवायचो.

एकदा पडवीत ऊन आलं म्हणून मी सवयीनं त्याच्यावर गोणपाट टाकायला गेलो. वेलावर होता तेव्हा माझं हेच चालायचं. सावली करायची, खालचं गवत बदलायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा. फार मजेत गेले होते ते दिवस, आणि तेव्हा मला कोणी नंबर दिला नव्हता. आता इंदापूरला जाऊन पुन्हा काट्याशेजारी तोंड पाडून उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. कोयता तिथंच होता. घातला घाव.

वस्तीवर घरोघरी फोडी गेल्या. दुपारी घारगे झाले. खाताना मला काही राहवलं नाही. भोपळा कसा काय होता, म्हणून विचारलंच. बायकोनं कढईतला घारगा उलटला.

"मोठा व्हता, त्यात काय खोटं न्हाय," ती म्हणाली. "पण गूळ दुप्पट लागला."