सुलूताईंनी व्हॅन पारखली

शीळफाट्याला आमची व्हॅन बंद पडली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. प्रवाशांची बस हॉर्न देत पुढे निघून गेली आणि त्यांचा स्वयंपाक आमच्याबरोबर रस्त्यात अडकला.

साल नव्वदच्या आसपासचं. सुलूताईंची डोंबिवलीत छोटी टूर कंपनी होती. बसमध्ये प्रवासी, व्हॅनमध्ये स्वयंपाकघर. मुक्कामाला व्हॅन उभी करायची आणि मी आणि गंगूबाईंनी रांधायचं. व्हॅनच्या मागच्या भागात लादी बसवलेली होती. मांडी घालून बसलं की स्टोव्ह, परात, पिठाचा डबा सगळं हाताशी. रात्री बाजूला दुमडलेल्या फळ्या पाडून आम्ही तिथेच झोपायचो. तांदळाची गरम भाकरी मिळणार म्हणून लोक ताईंकडे बुकिंग करायचे.

ड्रायव्हर तुकाराम मानपाड्याचा. तो म्हणाला, "ताय, हिचा दम सपला."

"दम तर तुझाही संपलाय रे. तुलाही बदलू का?"

त्या दिवशी आम्ही हसलो. पण लवकरच ताई आम्हा तिघांना घेऊन ठाण्याच्या एका गॅरेजमध्ये दुसरी व्हॅन बघायला गेल्या.

ती देखणी होती. स्टीलचा उंच ओटा, गॅस, सिंक. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, एकदम मॉडर्न. एकच बाई उभ्याउभ्या सगळं उरकेल. दुसरीचा पगार वाचला."

फार वेळ उभं राहिलं की गंगूबाईंचे पाय सुजायचे, आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. दोघींतली कोण जाणार हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

ताईंनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "शालू, पीठ आणलंय ना? उकड काढ. एका वेळच्या भाकऱ्या इथेच करून बघते."

"मॅडम, तुम्ही स्वतः?"

"मग काय, तुम्ही थापणार?"

व्हॅनचं छत खाली होतं. ताई मान वाकवून उभ्या राहिल्या. उंच ओट्यावर थापायला हाताला जोर येईना. तव्याची धग सरळ तोंडावर. पहिल्या भाकऱ्या बऱ्या झाल्या, मग एकेक फाटायला लागली. गंगूबाई म्हणाल्या, "ताई, राहू द्या आता." ताई थांबल्या नाहीत. टोपलं भरल्यावरच खाली उतरल्या, कंबर धरून. एक भाकरी त्यांनी गॅरेजवाल्याच्या हातावर ठेवली.

"खा. व्हॅन तुमची छानच आहे. पण मला एक वेळ जमलं नाही, ते यांना रोज कसं करायला लावू?"

परतताना त्यांनी तुकारामला विचारलं, "आपल्या इंजिनाचं काय करता येईल?"

"बोअर करून बघू, ताय."

बोअर करणं म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून घासून सारखे करायचे आणि त्यांच्या मापाचे नवे पिस्टन बसवायचे. तेवढे दिवस टूर बंद राहिल्या. मग व्हॅन घाट चढली आणि तुकारामने मागे वळून आम्हाला हात केला. गंगूबाईंनी त्या लादीवर बसून पुढे कित्येक वर्षं भाकऱ्या थापल्या. काम सोडलं ते स्वतःच्या मनाने.

नंतर मी बऱ्याच मालकांना गाडी घेताना पाहिलं. सगळे पुढे बसतात आणि एक चक्कर मारून येतात. सुलूताईंनी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. त्या आधी मागे चढल्या होत्या.